सायकल टाइम : चारशे वर्षं

पिंपरी ते चाकण या पट्ट्यात कुठलीही वस्तू बनायला किती वेळ लागतो, हे सेकंदांत सांगणारा माणूस दर दहा पावलांवर भेटतो. गिअरचा दात कापायला एवढे सेकंद, दरवाजाचा पत्रा ठोकायला एवढे, गाडी लाइनवरून उतरायला एवढे. सगळे आकडे तोंडपाठ. लग्नाची तारीख विचारली, की मात्र तो बायकोकडे बघतो. सायकल टाइम, टॅक्ट टाइम आणि आयडल टाइम या तीन वेळांत त्याचं आयुष्य जातं, आणि त्यातली तिसरी वेळ हा साहेबाच्या लेखी गुन्हा असतो. हात रिकामा दिसला की सुपरवायझर त्यात झाडू देतो. अशी तीसेक वर्षं काढलेला हा माणूस रिटायर होतो, किंवा त्याच्या आधीच बीपीचा आकडा बघून डॉक्टर म्हणतात, "काहीतरी शांत छंद लावून घ्या." मग तो जाऊन बोन्साय घेऊन येतो.

जगात इतके छंद असताना हाच का, याला कारण आहे. जपानशी त्याची जुनी ओळख असते. कायझेन, गेम्बा, मुडा, पोका-योके हे शब्द त्यानं शॉपफ्लोअरवर इतकी वर्षं ऐकलेले असतात, की ते कुठल्या परक्या भाषेतले आहेत हेच तो विसरलेला असतो. सेईरी, सेईतोन, सेईसो ही पाटी त्यानं रोज हजेरी लावताना वाचलेली असते. त्यामुळे बोन्सायच्या वर्गात मॅडम 'मोयोगी' म्हणाल्या की घरगुती बागकामवाले दचकतात, हा दचकत नाही. मोयोगी म्हणजे नागमोडी खोडाचं झाड, केंगाई म्हणजे कड्यावरून खाली झेपावलेलं, फुकिनागाशी म्हणजे वाऱ्यानं सगळ्या फांद्या एकाच अंगाला लोळवलेलं, आणि नेबारी म्हणजे बुंध्याशी चहूकडे फाकलेली, मातीवर दिसणारी मुळं. पंधरा दिवसांत तो ही सगळी यादी पाठ करून टाकतो. अडचण एवढीच, की शब्दांना पंधरा दिवस लागतात आणि झाडाला पंधरा वर्षं. हा फरक प्रॉडक्शन प्लॅनमध्ये कुठल्या रकान्यात भरायचा, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

या वेडाची लागण बहुधा प्रदर्शनात होते. मुंबईत ज्योती आणि निकुंज पारेख यांनी बोन्सायचा अभ्यासगट उभा केला त्याला आता काही दशकं झाली. पुण्यात प्राजक्ता काळे यांनी फेब्रुवारी २०१८मध्ये 'बोन्साय नमस्ते' नावाची आंतरराष्ट्रीय परिषद आणि प्रदर्शन भरवलं, तेव्हा निगडी-भोसरीहूनही माणसं गेली. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातही बोन्सायच्या टेबलापाशी गर्दी ठरलेली. तिथं मराठी माणूस झाडासमोर उभा राहून दोनच प्रश्न विचारतो. पहिला, "किती वर्षांचं?" दुसरा, "केवढ्याला?" पहिल्याचं उत्तर 'चाळीस' आणि दुसऱ्याचं ऐकून डोळे पांढरे झाले, की तो मनाशी हिशेब मांडतो. रोप शंभर रुपयांचं, तार दोनशेची, ट्रे चारशेचा, मजुरी आपलीच. मग एवढी किंमत कसली? ती चाळीस वर्षांची असते. पण तो कॉस्टिंगवाला माणूस. वेळ धरायचा तो मशीनचा, माणसाचा धरायचा नाही, असं त्याला शिकवलेलं असतं.

पुढचा टप्पा नर्सरी. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांग आहे. गुरुवारी भोसरीतल्या लहान कारखान्यांना सुट्टी असते, त्या दिवशी हे नवशिके तिकडे उतरतात. "एक बोन्साय द्या," असं ते ज्या आवाजात म्हणतात, त्या आवाजात आपण किराणा दुकानात तुरीची डाळ मागतो. नर्सरीवाला हुशार असतो. तो तयार माल पुढे करतो. रताळ्यागत फुगलेल्या दोन मुळांवर उभं असलेलं फायकसचं रोप, वर डोक्याला पानांचा झुपका आणि कुंडीत पांढरे गोटे. हे गोटे बहुतेक वेळा डिंकानं एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणजे वाहतुकीत सांडत नाहीत. पाणीही त्यांच्यातून नीट आत जात नाही. नवशिका घरी येऊन आठवडाभर त्या गोट्यांना पाणी घालतो, गोटे टवटवीत राहतात आणि झाड माना टाकतं.

थोडं जास्त वाचन केलेला नवशिका जुनिपर घेतो, कारण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तोच असतो. तो घरात टीव्हीशेजारी ठेवतो, कारण मुखपृष्ठावर तो घरातच असल्यासारखा वाटतो. जुनिपरला खरं तर बाहेरचं ऊन-वारं लागतं. पण या झाडाचा स्वभाव फार भिडस्त आहे. ते मेल्यावरही काही आठवडे हिरवंच दिसतं. घरचा माणूस त्याला रोज पाणी घालतो, पाहुण्यांना दाखवतो, फोटो काढून ग्रुपवर टाकतो, 'वा, काय तेज आहे!' अशी दादही घेतो, आणि झाड कधीच गेलेलं असतं. आपल्याकडे काही संस्थांचे अध्यक्ष बरीच वर्षं असेच चालतात, त्यामुळे कोणाला संशय येत नाही.

आता या मंडळींतले काही नमुने जवळून बघू.

पहिले टूलरूमवाले काका. प्राधिकरणात बंगला, गच्चीवर पत्र्याची शेड, शेडमध्ये बेंच व्हाइस. आयुष्यभर डाय बनवल्या, मायक्रॉनच्या खाली बोलले नाहीत. बोन्सायची खास अवजारं जपानहून येतात. फांदी कापल्यावर खोडावर खुंट न राहता किंचित खोलगट जखम राहावी, म्हणजे ती भरून येताना सपाट होते, यासाठी अंतर्वक्र तोंडाचा कटर असतो. त्याची किंमत ऐकून काका हसले आणि डी-टू स्टीलच्या तुकड्यातून त्यांनी तो स्वतः घडवला. हीट ट्रीटमेंट करून हार्डनेस अठ्ठावन्नच्या वर आणला. कटर असा उतरला की जपान्यांनी बघायला यावं. प्रश्न फक्त एवढाच होता, की तो चालवायला काकांकडे एकच झाड होतं, आणि त्याला नऊ फांद्या होत्या. कटर चांगला आहे हे सिद्ध करता करता संध्याकाळपर्यंत दोन उरल्या.

तारेचंही तसंच. फांदी वळवायची तर तिच्याभोवती तार गुंडाळतात. तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची हवी आणि वेढे पंचेचाळीस अंशांच्या आसपास तिरके पडायला हवेत. 'साधारण' आणि 'आसपास' हे दोन शब्द काकांच्या कोशात नाहीत. त्यांनी फांदी व्हर्नियरनं मोजली, बुंध्याशी, मध्यात आणि टोकाला, आणि तिन्ही मापं वेगवेगळी आल्यावर झाडच रिजेक्ट करावं की काय, या विचारात ते बसले. शेवटी तांब्याची तार निवडली. तांबं निखाऱ्यावर मंद लाल करून थंड केलं की मऊ पडतं, आणि वाकवलं की पुन्हा कडक होतं. म्हणून ते फांदीला चांगलं धरून ठेवतं. हे धातुशास्त्र त्यांना पाठ होतं. भोसरीतल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तार आली, आणि ती लाल करायला स्वयंपाकघरातला गॅस वापरला गेला. तारेवर असतं ते इनॅमल जळताना त्याचा वास पोळ्यांना लागतो. त्या दिवशी घरात तांब्यापेक्षा बरंच काही लाल झालं.

खरी गंमत पुढे आहे. पत्रा वाकवणाऱ्या माणसाला स्प्रिंगबॅक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नव्वद अंशात वाकवलेला पत्रा सोडला की दोन अंश परत उलगडतो, म्हणून आधीच ब्याण्णव अंशात वाकवायचा. काकांनी फांदीलाही तोच न्याय लावला. वाकवली, सोडली, परत आली. थोडी जास्त वाकवली, परत आली. आणखी थोडी, आणि 'कट्' असा आवाज आला, जो कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेला नाही. पत्र्याचा आकार एका क्षणात ठरतो. फांदीचा तसा ठरत नाही. वाकवलेल्या अवस्थेत तिच्यावर नव्या लाकडाचे थर चढावे लागतात, तेव्हा कुठे ती नवा आकार मान्य करते. म्हणजे वाकवणारे काका नसतातच. ते फक्त धरून ठेवतात. वाकण्याचं काम झाड स्वतः करतं, महिनोन् महिने, आपल्या सवडीनं. हे कळल्यावर काका तार बांधून निश्चिंत झाले, ते पार श्रावण उलटेपर्यंत. इकडे वडाच्या जातीची झाडं पावसाळ्यात अशी फोफावतात, की काही आठवड्यांत तार सालीत रुतते. ती काढल्यावर फांदीवर जो गोल गोल आटा उमटला, तो बघून मात्र काकांना मनापासून समाधान वाटलं. पिच एकदम बरोबर होता.

दुसरा नमुना चाकणचा क्वालिटीवाला. तो मोशीत तेराव्या मजल्यावर राहतो, कंपनीच्या बसनं जातो-येतो आणि तळेगाव चौकात रोज इतका वेळ उभा असतो, की तेवढ्यात एखादं बी रुजून यावं. असा माणूस संयमी असायला हवा. तो असतोही, पण फक्त तळेगाव चौकात. घरी आला की तो झाडाला ऑडिट लावतो. बाल्कनीत लॅमिनेट केलेला चेकलिस्टचा कागद, सकाळचं पाणी, संध्याकाळचं पाणी, पानांची संख्या, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'ओके'. एके दिवशी पानं पिवळी पडून गळायला लागली. तेव्हा त्यानं बायको आणि आठवीतला मुलगा यांची क्रॉस फंक्शनल टीम बसवली आणि व्हाय-व्हाय ॲनालिसिस सुरू केलं.

"पानं का गळली?"

"मुळं कुजली."

"मुळं का कुजली?"

"कुंडीत पाणी साठून राहिलं."

"पाणी का साठलं?"

"माती चिकट होती, आणि तुम्ही दिवसातून तीनदा घालत होता."

"तीनदा का घातलं?"

"त्या आठवड्यात तुम्ही घरी होता ना, वर्क फ्रॉम होम."

पाचवा 'का' त्यानं विचारला नाही. आठवीतल्या मुलानं फिशबोनच्या चित्रात 'मॅन' या काट्यावर बाबांचं नाव लिहून पेन्सिल खाली ठेवली होती.

पण मुलगा बरोबर होता. नवशिक्याचं झाड दुर्लक्षानं फार क्वचित मरतं. ते लक्षानं मरतं. त्यात मातीचं एक विज्ञान आहे, ते समजून घेण्याजोगं आहे. कुंडी जितकी उथळ, तितकं पाणी तळाशी अडून राहायला जास्त वाव. खोल बादलीतून पाणी आपल्याच वजनानं खाली ओढलं जातं, दीड इंची ट्रेमधून तसं जात नाही. म्हणून बोन्सायची माती ही बागेतली काळी, मऊ, लोण्यासारखी माती नसतेच. ती खडबडीत, दाणेदार लागते. जपानी लोक त्यासाठी अकादामा नावाची दाण्यादाण्यांची माती वापरतात. आपल्याकडे परवडणारा पर्याय म्हणजे विटांचे बारीक तुकडे, थोडी लाल माती, कोकोपीट, शेणखत आणि चिमूटभर निंबोळी पेंड. वाचताना सोपं वाटतं. पण मोशी, रावेत, चऱ्होलीत ढिगानं बांधकामं चालू असूनही हल्ली वीट सापडत नाही, कारण सगळ्या भिंती सिपोरेक्स ब्लॉकच्या. पन्नास मजल्यांच्या छायेत एक फुटकी वीट शोधत हिंडणाऱ्या माणसाला तिथला सिक्युरिटीवाला आधी चोर समजतो, मग ठेकेदाराकडे पैसे अडकलेला मजूर समजतो, आणि खरं कारण सांगितलं की एकदम आदरानं बाजूला होतो. वेड्याला दुखवू नये, ही आपली जुनी शिकवण आहे.

वीट मिळाली तरी ती फोडायची कुठे आणि कधी? रविवारी सकाळी सात वाजता, बाल्कनीत, हातोडीनं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ थर्ड शिफ्ट करून नुकतेच झोपलेले असतात. मग चाळायची कशानं? गव्हाच्या चाळणीनं. चाळणीतून खाली पडलेली भुकटी टाकून द्यायची आणि वर राहिलेले तीन ते पाच मिलिमीटरचे दाणे घ्यायचे, हे ऐकून घरच्या बाईचा चेहरा आणखी उतरतो. चाळण परत मिळणार नाही, हे तिनं केव्हाच ओळखलेलं असतं.

या टप्प्यावर नातेवाइकांचा प्रवेश होतो. बोन्सायवाल्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा तीनपैकी एक वाक्य बोलतो. "हे मोठं कधी होणार?" हे पहिलं. "एवढ्या पैशांत कुंडीत किलो-दोन किलो टोमॅटो निघाले असते," हे दुसरं, आणि ते बहुतेक सासुरवाडीकडून येतं. तिसरं सगळ्यांत गंभीर : "हा झाडाचा छळ आहे हो." ते म्हणणारा माणूस नाशिकची द्राक्षं खात खात म्हणतो. द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वेलीला तारांवर बांधतात, नको ते डोळे खुडून टाकतात, घडांची विरळणी करतात, आणि त्याला आपण छळ म्हणत नाही, निर्यातक्षम उत्पादन म्हणतो. बोन्सायवाला तेच करतो, फक्त त्याला द्राक्षं मिळत नाहीत. उलट दर दोन-तीन वर्षांनी कुंडीतून झाड काढून, मुळं विंचरून, जुनी कापून, नवी माती घालून तो त्याला तरुण ठेवतो. कापलेल्या वडाच्या फांदीतून पांढरा चीक ओघळतो तेव्हा मात्र पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. तो चीक त्यांच्या शर्टावर पडला, की ते पाणी आटतं.

तिसऱ्या वाक्याला एक धाकटा भाऊ आहे. तो वास्तुशास्त्र बोलतो. खुंटलेलं झाड घरात ठेवलं की घराची वाढ खुंटते म्हणे. कंपनीतला तीन वर्षांचा वेतनकरार लांबला, की युनियन आणि मॅनेजमेंट दोघेही सुटतात आणि दोष जातो बाल्कनीतल्या नांदरुकाकडे. "ते आणल्यापासून एकदाही इन्क्रीमेंट धड झालं नाही," असं घरात रीतसर नोंदवलं जातं. पिंपळ असेल तर विचारूच नका. जुन्या भिंतींच्या फटींतून, पाण्याच्या टाक्यांवरून, बंद पडलेल्या शेडच्या गटारीतून उगवलेली पिंपळाची रोपं बोन्सायला उत्तम. दगडामातीशी झगडून खोड आधीच पिळदार झालेलं असतं. पण पिंपळ म्हटला की पाठोपाठ मुंजा येतो. आठ इंचांच्या पिंपळावर किती उंचीचा मुंजा राहू शकतो, हा प्रश्न विचारायची सोय नाही. घरात वडीलधारी माणसं असतात.

वडाला ही अडचण नाही. वडाचा उलट मान वाढतो, विशेषतः ज्येष्ठ पौर्णिमेच्या आठवड्यात. एरवी ज्या झाडाला बाल्कनीच्या कोपऱ्यात मॉपशेजारी जागा होती, ते त्या दिवशी हॉलमध्ये चौरंगावर येतं. मजल्यावरच्या सगळ्या वहिनी त्याच्याभोवती सूत गुंडाळतात. सात जन्मांची हमी आठ इंचांच्या झाडाकडे मागताना कोणाला काही वावगं वाटत नाही, कारण झाड लहान असलं तरी जात वडाचीच आहे. बोन्सायवाला मात्र दारात घालमेल करत उभा असतो. सुताचा दहावा वेढा त्याच्या डाव्या तिसऱ्या फांदीवर पडतोय, जी त्यानं दीड वर्ष आडवी आणली आहे. "वहिनी, जरा वरून घ्या," असं तो म्हणतो, आणि वहिनी वरून घेतात, म्हणजे शेंड्यावरून.

मग येते मे महिन्याची सुट्टी. या पट्ट्यातली बरीचशी वस्ती लातूर, बीड, जळगाव, अमरावतीकडची. सुट्टीत सगळी घरं गावाला पळतात. उथळ ट्रेमधलं झाड पुण्याच्या उन्हाळ्यात एक दिवस बिनपाण्याचं राहू शकतं, दुसऱ्या दिवशी त्याची खात्री देता येत नाही. म्हणून काही जण सलाइनची बाटली उलटी टांगून थेंब थेंब पाणी सोडतात, ते दृश्य बघून शेजारी काळजीनं "कुठला वॉर्ड?" विचारतात. काही जण झाड मांडीवर घेऊन ट्रॅव्हल्समध्ये बसतात. क्लीनर विचारतो, "हे लगेजमध्ये टाकू, का सीट घेताय?" काही जण शेजारच्या आजींवर सोपवून जातात. आजी शब्दाच्या पक्क्या. परत आल्यावर त्या अभिमानानं सांगतात, "रोज पाणी घातलं. कोमेजलेलं दिसलं म्हणून थोडा चहाचा चोथा घातला, थोडं ताकही. आणि ती सगळी तार गुंडाळली होती ना कोणी मेल्यानं, ती सोडवून टाकली बिचाऱ्याची."

एवढं सगळं झाल्यावरही हे लोक छंद सोडत नाहीत. आणि मग त्यांना कळतं, की या पट्ट्यातलं सगळ्यांत देखणं बोन्साय त्यांच्यापैकी कोणाकडेच नाही. ते क्वालिटीवाल्याच्या सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनकडे आहे.

त्याची हकिकत अशी. एका वटपौर्णिमेला पूजा झाल्यावर वडाची एक अंगठ्याएवढी फांदी गेटपाशी टाकून दिलेली होती. पाऊस लागला होता. वॉचमननं ती उचलून एका फुटक्या बादलीत खोचली, कारण ती पायात येत होती. वडाची फांदी पावसात सहज मुळं धरते. फुटक्या बादलीच्या भोकातून मुळं खाली जमिनीत उतरली, आणि जमिनीचं बळ मिळाल्यावर खोड बघता बघता मनगटाएवढं झालं. शेंडा गाडीच्या आरशाला लागायचा, म्हणून वॉचमन तो अधूनमधून कोयत्यानं उडवायचा. एका फांदीवर तो रोज जेवणाचा डबा अडकवतो, त्यामुळे ती फांदी सुरेख आडवी आली आहे. टूलरूमवाल्या काकांनी ती प्रोट्रॅक्टरनं मोजली आणि बराच वेळ बोलले नाहीत.

बोन्सायचं गुपित त्या बादलीत आहे. झाड लहान करायचं तर आधी ते मोठं करावं लागतं. खोड जाड व्हायला मोकळी जमीन, भरपूर पानं आणि काही वर्षं लागतात. ट्रेमध्ये गेल्यावर खोड जाड होणं जवळपास थांबतंच. जाणकार तेच करतात. जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत झाड वाढवतात, मग खोड छाटतात, पुन्हा वाढवतात, पुन्हा छाटतात, आणि सगळ्यांत शेवटी त्याला ट्रेमध्ये आणतात. नवशिका सुरुवातच ट्रेपासून करतो. काडीएवढ्या रोपाला तो उत्तम ट्रे, उत्तम तार आणि जपानी नाव देतो, आणि दहा वर्षांनी त्याच्याकडे दहा वर्षांची काडी असते.

क्वालिटीवाल्यानं वॉचमनला त्या बादलीचे पाच हजार देऊ केले. काकांनी सात. वॉचमन म्हणाला, "न्हाई इकायचं साहेब. आमच्या घरची ह्येलाच फेऱ्या घालती." काकांनी आठ म्हटल्यावर तो म्हणाला, "आन् डबा कुठं अडकवू?"

आता थोडं जगाकडे बघू, म्हणजे आपली घाई केवढी आहे ते कळेल. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५पासून तो कुंडीत वाढवला जातोय. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी पाच वर्षं कोणीतरी त्याला कुंडीत लावलं असेल, आणि महाराजांच्या काळात फिरंगोजी नरसाळा चाकणचा किल्ला लढवत होता तेव्हाही कोणीतरी त्याला पाणी घालत होतं. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर बाँब पडला, तेव्हा तो यामाकी कुटुंबाच्या अंगणात भिंतीआड होता, वाचला. १९७६मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला आणि बाँबबद्दल चकार शब्द काढला नाही. २००१मध्ये यामाकींचे नातू झाड बघायला आले, तेव्हा ही हकिकत तिथल्या लोकांना समजली. कुठलाही प्रकल्प वेळेत पूर्ण झाला की फ्लेक्स लावणाऱ्या आपल्या गावात हे झेपायला कठीण आहे.

या पट्ट्यात बोन्सायच्या कालमानाला साजेसा एकच कागद आहे, तो म्हणजे पूर्वीच्या प्राधिकरणाचा नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा. तोही या पाइनला तीन वेळा नूतनीकरण करून पुरला नसता.

१९२३च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले माळी ओमिया गावात जाऊन राहिले आणि १९२५मध्ये त्यांनी तिथं बोन्सायचं गावच वसवलं. तिथं राहायला येणाऱ्यांसाठी सुरुवातीच्या नियमांत एक अट होती, की घरात किमान दहा बोन्साय हवेत. आपल्याला वाटतं, हा हौशीपणा. मला ती अट फार व्यवहारी वाटते. झाड एक असलं की दहा बोटं त्याच्यामागे लागतात. झाडं दहा असली, की प्रत्येकाच्या वाट्याला एकच बोट येतं, आणि तेवढं कुठलंही झाड सोसतं.

तेव्हा ज्यांना या जूनमध्ये सुरुवात करायची आहे, त्यांना माझी विनंती आहे. जुनिपरच्या नादी लागू नका. वड, नांदरुक किंवा जेड घ्या, ही आपल्या हवेत तगणारी आणि चुका पोटात घालणारी झाडं आहेत. एक घेऊ नका, चार-पाच घ्या. ट्रे घेऊ नका, बादली घ्या, फुटकी मिळाली तर उत्तम. माती दाणेदार ठेवा, पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा, आणि ओल लागली तर पाणी न घालता परत जा. पहिल्या वर्षी झाडाला ऊन, पाणी आणि तुमच्यापासून संरक्षण, एवढंच हवं असतं. कात्री घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात द्या, आणि तुम्ही मागितली तरी देऊ नये, हे त्याला आधीच लेखी देऊन ठेवा.